रुमालाखालची बोटं

११ मार्च १९७४, सांगली
कोरेगावच्या हळदीचा सौदा. रुमालाखाली खरेदीदार शिवलिंगअण्णाने माझी पाच बोटं धरली, एका बोटाला शंभराचा भाव, मी पाच पुकारले. तर हा म्हणतो, "चारच धरल्यात, तात्या." तीस वर्षं अडत्या आहे मी, कुणी किती बोटं धरली हे मला शिकवणार! भर बाजारात सुनावलं, "रुमालाखालचा शब्द फिरवतोस? लाज वाटत नाही?" मालवाला मधेच, "आवं, भांडा मागनं, माल तेवढा घ्या कुनीतरी." शेवटी दुसऱ्याने चारला उचलला. अण्णा निघून गेला. लबाड.

१५ मार्च
अण्णाचा हात आता कुणी अडत्या रुमालाखाली घेईना. बरं झालं. सौ. म्हणाली, "अण्णाभावजी तसले नव्हेत." बायकांना सौद्यातलं काय कळतं?

१९ मार्च
चहाच्या पेल्याने बोटाला फोड आला. कधी, पत्ता नाही. सौ.ने धरून मिरजेला नेलं. डॉ. म्हणजे कालचं पोर, मिशीसुद्धा धड नाही. डोळे मिटायला लावून बोटांना कापूस लावत बसला. कुठलं बोट? मी म्हटलं मधलं. तेव्हा कापूस लावलाच नव्हता म्हणे. असली पोरकट थट्टा! वर प्रवचन: बारा वर्षांची साखर, पथ्य नाही, गोळ्या मनाला येतील तेव्हा. आधी पाय बधिर झाले, आता हात. गेलेली जाणीव बहुधा परत यायची नाही, आहे ती सांभाळा. पायातली चप्पल वाटेत गळते ती त्यामुळे. मी चांभाराला शिव्या घालत होतो.
येताना हट्टाने जिलबी खाल्ली.

२० मार्च
दुपारी सौ.ने माझाच सौद्याचा रुमाल आणला. त्याखाली बोटं धरली. "किती?" पाच म्हटलं. तिने रुमाल उचलला. चार.
पुन्हा केलं. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा रुमाल भिरकावला.
म्हणजे त्या दिवशी अण्णाने...

२२ मार्च
सांगायला हवं. पण बोटं मेलेला अडत्या म्हणजे काय? माझ्या रुमालाखाली कोण हात घालील? हसतील साले. मीच हसलो असतो.
अण्णाच्या दारापर्यंत गेलो. आतून त्याचा खोकला ऐकू आला. परत फिरलो. थू माझ्या जिंदगानीवर.

२६ मार्च
आज अण्णा सौद्याला आला. सरळ माझ्यासमोर. नाही म्हणायची छाती नव्हती, हात पुढे केला. त्याने रुमालाखाली बोटं धरली असतील. मला काही कळेना. नुसता रुमालाकडे बघत राहिलो. तो खाली वाकला, कानाशी म्हणाला, "तीन धरल्यात, तात्या. तीन म्हन."
रुमालाखालचा भाव घेणारा तोंडाने कधी सांगत नाही.
मी ओरडलो, तीन! सौदा झाला.
मागे कुणीतरी म्हणालं, "आला बघ सुतासारखा सरळ, लबाड म्हातारा." अण्णाने ऐकलं. मीही ऐकलं. एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. मी पोती मोजायला लागलो.
सौ. विचारते, शुक्रवारच्या सौद्याला तरी खरं सांगणार का? तिच्यावरच खेकसलो.