सर्वपित्रीचं तिसरं पान

डॉक्टर, हे मी मराठीत लिहितो आहे, म्हणजे तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. आधी इंग्रजीत लिहायला बसलो होतो. पण तुमच्याशी बोलायचं माझं इंग्रजी म्हणजे गॅस, लीकेज, कॉम्प्रेसर आणि ‘टुमारो शुअर, डॉक्टर’. त्यात हे मावत नाही.

दुबईतल्या जबल अलीच्या गोदामात आपण पहिल्यांदा भेटलो. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. औषधांची थंड खोली बंद पडली म्हणून माझ्या तेव्हाच्या मालकानं मला पाठवलं होतं. तुम्ही त्या औषध कंपनीचे सल्लागार, ऐंशीला टेकलेले, पाठ ताठ, शर्टाला कडक इस्त्री. नाव अरबी आणि चेहरा गोरा. मूळचे ऑस्ट्रियाकडचे, मुसलमान होऊन बरीच वर्षं कैरोत काढलेली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मी मशीनला कान लावून बसलोय आणि तुम्ही मागे उभे राहून विचारताय, “घरी कोण कोण आहे?” मी तर खूशच झालो. गल्फमध्ये साहेबलोक पासपोर्ट विचारतात, घरचं कोण विचारतं? मी सांगितलं, गावी आईवडील, इथे बायको, चार वर्षांची मुलगी. तुम्ही प्रत्येकाचं वय विचारलंत. मी म्हणालो, “सर, मशीन अचानक बंद पडलं,” तेव्हा मात्र तुमचा चेहरा बदलला. “काहीही अचानक बंद पडत नाही. आधी आवाज बदलतो. तू ऐकलं नाहीस, एवढंच.” मग ड्रॉवरमधून स्टेथस्कोप काढून तुम्ही माझ्या कानात घातलात, दुसरं टोक कॉम्प्रेसरवर धरलंत आणि शिकवलंत. आधी घाई होते. मग ठोका अडखळतो. मग दोन ठोक्यांमधली जागा लांबत जाते. तुम्ही बोटानं हवेत दाखवत होतात, अगदी निवांतपणे.

पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा तो स्टेथस्कोप तुम्ही मला देऊन टाकलात. गोदामाचे स्टोअरकीपर चाचा, आपले रत्नागिरीचे, मला बघून म्हणायचे, “काय वो डाक्टर, जरा माझा पण बीपी बघा. का आमचा गॅस संपल्याला?” सगळे हसायचे, तुम्हीसुद्धा. पण स्टेथस्कोपवाला मेकॅनिक म्हणून माझं नाव झालं ते झालंच. मशीन बंद पडायच्या आधी सांगणारा माणूस. माझ्या व्हॅन, माझी माणसं, खलिफा सिटीतल्या व्हिलांची कंत्राटं, सगळं त्या एका कानावर उभं राहिलं. चारचौघांत मी हे हसत सांगायचो. आवडायचं लोकांना.

आणि मुलीचा ताप. शारजातलं आमचं स्वयंपाकघर, दुपारची वेळ, पोर आकडीनं ताठ झालेली, बायको ओट्याला धरून उभी. मी तुम्हाला फोन केला कारण मला दुसरा डॉक्टरच माहीत नव्हता. तुम्ही टॅक्सीनं आलात. तिला कुशीवर वळवलंत, कपडे सैल केलेत, माझ्या बायकोला आरडाओरडा बंद करायला सांगितलंत आणि आकडी थांबेपर्यंत पोरीशी तुमच्या भाषेत काहीतरी हळू बोलत राहिलात. मग आम्हाला हॉस्पिटलला नेलंत. दुसऱ्या दिवशी येऊन तिला सफरचंद सोलून दिलंत, सालाची एक अख्खी लांब पट्टी काढून. तिनं ती गळ्यात घातली.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचं कुणीच आलं नाही. कंपनी म्हणाली, नातेवाईक सापडत नाहीत. चाचांनी तुम्हाला मुसलमानी रीतीनं आंघोळ घातली, मी खांदा दिला, वाळूत पुरलं. त्याच वर्षी सर्वपित्रीला बायको म्हणाली, “अहो, त्या माणसाला मागं कोणी नाही. आपल्या अण्णा-आईंच्या पानाशेजारी एक त्यांचं वाढते.” एव्हाना माझे आईवडील दोघेही गेले होते. बर दुबईत मंदिराजवळच्या दुकानातून केळीचं तिसरं पान आणलं. भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी, आणि मेलेल्याच्या आवडीचं म्हणून सफरचंदाच्या फोडी. गच्चीवर ठेवलं. शारजाचे कावळे आपल्यासारखेच हावरट, लगेच आले. त्यानंतर दरवर्षी तिसरं पान होतं. मुलगी म्हणायची, “आई, डोन्ट फरगेट डॉक्टर्स अ‍ॅपल.”

मग गेल्या वर्षी, सर्वपित्री होऊन गेल्यावर, एक बाई आणि एक पुरुष माझ्या वर्कशॉपमध्ये आले. युरोपातून आले होते, तुम्हाला शोधत. त्यांना इतकंच हवं होतं की तुम्ही नक्की मेलात का आणि कुठे. त्यांनी टेबलावर फोटो ठेवला. गणवेशातला तरुण माणूस. पाठ ताठ. मी म्हटलं, हो, हेच. बाई सांगत गेली, मी ऐकत गेलो. ऐकायचं काम मला चांगलं जमतं. तुम्ही नाझींच्या छळछावणीत डॉक्टर होतात. धडधाकट कैद्यांना, बहुतेक ज्यू लोकांना, भूल न देता चिरायचात, कोणता अवयव काढला की माणूस किती टिकतो ते पाहायला. काहींना थेट हृदयात विषाचं इंजेक्शन. त्यात मुलंही होती. युद्ध संपल्यावर एका शहरात दवाखाना काढलात, लहान मुलांचा. लोक चांगलं म्हणायचे. पोलीस येणार असं कळलं आणि तुम्ही पळालात. तुमच्या खोलीची फरशी पुसणारा एक कैदी वाचला होता, त्याची साक्ष होती. तुम्ही माणसाला आत घ्यायचात, घरी कोण कोण आहे विचारायचात, प्रत्येकाचं वय. मग झोपायला सांगून सुई. मग छातीवर स्टेथस्कोप ठेवून हाताखालच्या पोराला शिकवायचात. मी विचारलं, “काय शिकवायचे?” बाई म्हणाली, “आवाज कसा बदलतो ते.” मी पाणी मागवलं, त्या दोघांसाठी. एसीचा ब्लोअर कमी करू का, असंही विचारलं.

चाचांना फोन केला. ते रत्नागिरीला परत गेलेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी धुतला त्येला. माझ्या हातांनी.” आणि मग, “जेवलास का?” मी हो म्हटलं. खलास, तेवढंच बोलणं.

मला राग यायला हवा होता, डॉक्टर. वाट पाहिली. आला नाही. कामावर जातो, बिलं पाहतो, कॉम्प्रेसर ऐकतो, आणि ठोका लांबायला लागला की माझ्या आत काहीच होत नाही, मी फक्त पोरांना सांगतो, पार्ट मागवा.

काल सर्वपित्री होती. परवाच बायकोनं विचारलं, “पानं किती आणायची ते सांगा.” मुलगी पंधराची आहे, ती टेबलावरून म्हणाली, “पपा, प्लीज. यू कान्ट.” बायको तिच्याकडे न बघता म्हणाली, “तुला त्यांनी वाचवलंय. एकदा धरलेलं पान असं मोडत नाहीत. मेलेला माणूस उपाशी जातो.”

“लेट हिम. अँड द अदर किड्स, आई? त्यांना कोण वाढतं?”

बायको पोळी लाटायची थांबली. मग मला म्हणाली, “मग तिसरं पान त्यांच्या नावानं वाढू या. नावं माहीत नसली तरी चालतं सर्वपित्रीला.”

मी म्हटलं, “एका पानात?”

बायकोनं पोळी पुन्हा लाटायला घेतली. मी दुकानातून दोनच पानं आणली. गच्चीवर अण्णा आणि आई, शेजारी मोकळी जागा. कावळे आले, खाऊन गेले. बायकोच्या हाताला सवय तीन पानांची, भात नेहमीइतकाच शिजला होता. खीरही उरली. दोघी आत गेल्यावर तिसऱ्या पानाचं ते सगळं मी ओट्यापाशी उभ्यानं खाल्लं. भूक लागली होती. चव नेहमीसारखीच होती.