टेप रीडरच्या काचेवरचा टिळा

सोमवार, ८ ऑक्टोबर १९८४. संध्याकाळ.

कारखान्यातल्या लेथ मशीनचा कॉम्प्युटर आज सुरू झाला. आनंद व्हायला हवा, पण हात अजून गारच आहेत.

शुक्रवारपासून कामाचा प्रोग्रॅम असलेली, भोकं पाडलेली कागदी टेप लावत होतो आणि ती दरवेळी सुरुवातीलाच अडत होती. फ्यूज पाहिले, सर्किटची कार्डं काढून पुसली. आज चाललं नसतं तर मोठे साहेब मशीन भंगारात काढणार होते. शेवटी टेप रीडरचं कुलूपबंद झाकण उघडलं. भोकांतून उजेड पडतो त्या काचेवर कुंकू. पाण्यात कालवलेलं, ओलं. फडक्यानं पुसलं आणि टेप सरसर धावली.

गुरुवारची दसऱ्याची पूजा नडली, असं मी फिटर देवाजीला हसत म्हणालो. तो हसला नाही.

"या मशीनची यंदा पूजा केली कोनं? सोनबाजीच करत होते. ते तर श्रावणात गेले."

सोनबाजी म्हणजे करडी गावचे, या लेथचे जुने ऑपरेटर. त्यांची अनामिका लेथमध्येच गेली होती, म्हणून टिळा अंगठ्यानं लावायचे. काचेवरचा टिळा रुंद होता. मी नीट पाहिला होता का? पाहिला होता. अंगठ्याएवढाच. आणि झाकणाची एकमेव किल्ली श्रावणापासून माझ्याच खिशात आहे.

"पुसून टाकलं काय, साहेब?" देवाजी हळूच म्हणाला. "काहून पुसलं?"

निघताना झाकणाच्या बाहेरून, काचेपासून दूर, मीच अंगठ्यानं टिळा लावला. कुंकू शोधावं लागलं नाही. फडक्यावरचं अजून ओलंच होतं.