दुखणं गुडग्यात, रोग खुब्यात

आये, तुज्या पाया पडते.

फोनवर समद्या वॉर्डाम्होरं बोलाया लाज वाटती, म्हणून लिवतीया. मामा गावाकडं येतोय, त्योच वाचून दावंल. मी बरी हाय. जेवाण मिळतंय. काळ्या शेळीचं करडू पितंय का?

डॉक्टरीणबाईंनी फोटो दावला. दुखतंय गुडग्यात, पर मांडीच्या हाडाचा गोळा खुब्यात घसरलाय. आपण तापल्या विळ्याचा डाग गुडग्याला दिला, त्यो उगाच. तुला तरी कुटं ठावं हुतं?

आता स्क्रू घालून गोळा हाय तितंच धरायचाय. न्हाय केलं तर आजून घसरंल, मग म्होरं सांधाच बदलावा लागंल म्हणं.

तू म्हणलीस, "घरी आणा, खुब्यालाबी डाग देऊ." म्हणून आप्पा सही करंनात. त्यांला फोन लाव आन् व्हय म्हण की. मला आपरेशनचं भ्या वाटतंय, पर डागाचं लई वाटतंय.

तुजी राजनंदिनी