वाट पाहण्याची जपानी रूपं

प्रिय प्रांजली,

रविवारच्या फोनवर मायनं तुझा निरोप सांगितला. तुलाही सोमेश्वर सरांच्या जपानी क्लासला नाव घालायचंय, पण रेणूताई हो म्हणेपर्यंत सही करायची नाही, असं तू रामेश्वर मामाला ठणकावलंस म्हणे. ऐकून मला हसू आलं. लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधीसुद्धा तू माझ्याकडे बघायचीस आणि मी मान हलवली की मगच नाक दाबायचीस. फोनवर मी एवढंच म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायला काही उरलं नव्हतं. पण फोन इथल्या मॅडमच्या हातात होता आणि स्पीकर चालू होता. म्हणून हे पत्र. आजकाल पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशीलच. दुपारी मॅडम घटकाभर आडव्या होतात, तेवढ्यात जमेल तसं लिहितेय, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस.

क्लासचं सगळं सांगते, अगदी पहिल्यापासून, आणि तू शेवटपर्यंत वाच. जुन्या जालन्यात ठोक धान्याच्या एका दुकानावर आमचा वर्ग भरायचा. खाली दिवसभर पोती उतरायची आणि वर आम्ही शिंकत जपानी शिकायचो. सर कधी आवाज चढवत नाहीत. प्रत्येकीला बेटा म्हणतात, घरची चौकशी करतात, कुणाच्या बापाला कोणत्या गोळ्या चालू आहेत तेसुद्धा त्यांच्या लक्षात असतं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं, मात्सु. म्हणजे वाट पाहणे. आपल्याला त्यासाठी दोन शब्द लागतात, त्या लोकांचं एकात भागतं. सर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचं काम आहे तुमचं, तिथं पाणी, खाणं, संडास याच्याही आधी हा शब्द लागतो. कुणी हाक मारली आणि आपला हात गुंतलेला असला की म्हणायचं, मात्ते कुदासाई, जरा थांबा हं.

आता तुझ्या डोक्याला थोडा ताप देते. या शब्दाचा शेवटचा त्सु बाराखडीसारखा फिरतो. आदरानं बोलायचं तर त्याचा चि होतो, माचिमास, वाट पाहते. नकार द्यायचा तर ता होतो, मातानाई, वाट पाहत नाही. होऊन गेलेलं असेल तर माचिमाश्ता, वाट पाहिली. आणि चालूच असेल तर मात्ते इमास, वाट पाहतेय. मात्ते म्हणताना मध्ये क्षणभर श्वास अडवायचा असतो, घास अडकल्यासारखा. बाकीच्या मुली तिथं गडबडायच्या. मला पहिल्या झटक्यात जमलं. शाळेत पाढ्यांना कंटाळणारी मी, गच्चीवर कपडे वाळत घालताना ही रूपं म्हणत बसायची. खरं सांगते प्रांजली, त्या दिवसांत मी फार खूश होते. आपल्याला डोकं आहे, हे मला बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

सरांची पद्धत तुला माहीतच आहे. आधी फ्लेक्स, मग कागद. माझ्या वेळी कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर तो केवढा मोठा फ्लेक्स लागला होता. एका बाजूला मी, मागं तो बर्फाचा डोंगर, आणि 'जपान येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. गावानं हलगी लावली, अण्णांना फेटा बांधला, मायची ओटी भरली. गावाला वाटलं फ्लेक्स अण्णांनी केला, अण्णांना वाटलं मामानं केला. तो सरांनीच छापून गाडीतून पाठवला होता. मामा तेव्हा म्हणाला ते आठवतं का तुला? "फ्लेक्स लागला म्हंजी पोरगी गेलीच समज." सगळे हसले होते. तेव्हा माझा पासपोर्टसुद्धा निघालेला नव्हता. पासपोर्ट काढायचा म्हटलं की पोलीस घरी चौकशीला येतात. अण्णांना विचार, आपल्या दारात कुणी आलं होतं का. एवढं गाव हलगीवर नाचलं, पण हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

क्लासच्या पहिल्याच आठवड्यात आमचे फोटो काढले. शेजारच्या खोलीत एका भिंतीला गुलाबी फुलांच्या झाडांचा कागद चिकटवला होता आणि दुसरीला बर्फाचा. गुलाबी गणवेश घालून एक, हातात छत्री घेऊन एक, एका आजीबाईचा हात धरून एक, आणि स्वेटर घालून बर्फात एक. स्वेटर एकच होता, मरून रंगाचा, वरचं बटण नसलेला. तो एकीच्या अंगातून दुसरीच्या अंगात जात होता आणि सर वरून कापूस उडवत होते. माझ्या नाकात कापूस गेला, आम्ही हसून हसून बेजार झालो. हे व्हिसाच्या फाइलला लागतात, असं सर म्हणाले. व्हिसाच्या फाइलला छत्री कशाला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

त्यानंतर सरावासाठी म्हणून आम्हाला अंबड रोडला एका बंगल्यावर आणलं. आजूबाजूला मोसंबीच्या बागा, दारात मोठं लोखंडी गेट, कारभार बघायला मॅडम, आणि आत म्हातारी माणसं. ज्यांची मुलं परदेशात नाहीतर पुण्या-मुंबईला आहेत अशी. दिवसरात्र त्यांचं सगळं आम्हीच करतो. कूस बदलणं, अंघोळ, भरवणं, कपडे बदलणं. काम वाईट नाही, माणसंही वाईट नाहीत. व्हिसा कधी येणार असं विचारलं की सर हसतात आणि म्हणतात, बेटा, मात्ते कुदासाई. सुरुवातीला आम्हीही हसायचो.

माझ्याकडे चांगुणाबाई नावाच्या आजी होत्या. लहानखुऱ्या, तोंडानं फटकळ, अगदी आपल्या आजीच्या वळणाच्या. मुलगा कॅनडात. तिची कूस बदलताना मी रूपं म्हणायची, माचिमास, माचिमाश्ता. तिला वाटायचं मी देवाचं काहीतरी म्हणतेय, ती हात जोडायची. मग मी तिला अर्थ सांगितला. तेव्हापासून मात्ते हा तिचाच शब्द झाला. पेज आणायला उशीर झाला की दारातूनच मला ऐकू यायचं, "किती मात्ते करू माय आता?" एक दिवस मॅडमनी मला तिला नटवायला सांगितलं. एकाच दुपारी मी तिला चार लुगडी नेसवली. एकदा हातात तिळगुळाची वाटी, एकदा पणती, एकदा गालाला रंग, एकदा समोर गुढी. प्रत्येक वेळी मॅडम फोटो काढायच्या. मुलाला सणासुदीला पाठवायला बरे पडतात, म्हणाल्या. आजी दमून गेली, तरी पोराला आवडेल म्हणून हसत होती.

थंडीत ती गेली. सकाळी चहा घेऊन गेले तर हात गार होता. मुलगा यायची वाट बघतील, असं मला वाटलं होतं. पण तासाभरात एक गाडी आली, मागच्या दारानं तिला नेलं, आणि दुपारी त्या खाटेवर दुसऱ्या आजोबांना आणून झोपवलं. मुलाला कधी कळवणार, असं मी विचारलं. धक्का बसेल, सवडीनं सांगू, असं उत्तर मिळालं. संक्रांतीला मॅडम माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी तिळगुळाच्या वाटीचा फोटो कॅनडाला पाठवला. लगेच उत्तर आलं, आई छान दिसतेय, तिला माझा नमस्कार सांगा. मॅडमनी ते मला वाचून दाखवलं, गोड आवाजात, आणि मोबाइल बाजूला ठेवून पोळीला तूप लावलं. मी त्या दिवशी जेवले नाही. त्या मुलाकडून अजून पैसे येतात की काय, ते मी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात रविवारी मायचा फोन झाला. माय म्हणाली, "तुझा बर्फातला फोटो आला, लई भारी दिसून राह्यली, सगळ्या गल्लीला दाखवला." मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मग मी हो म्हटलं. प्रांजली, तुम्ही सगळे समजता की मी जपानात आहे. मी जालना जिल्हा सोडलेला नाही. तुमच्या दारातून दिवसाउजेडी निघालं तर दुपारच्या जेवणाला माझ्यापर्यंत पोचता येईल, इतकी मी जवळ आहे.

पळून का आली नाहीस, असं तू विचारशील. एकदा निघाले होते. कपडे धुवायला येणाऱ्या कडूबाईबरोबर धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन गेटबाहेर पडले आणि रस्त्याला जाऊन उभी राहिले. आपल्याकडची एसटी आली, थांबली, कंडक्टरनं हाकसुद्धा मारली. माझा पाय उचलेना. स्टँडवर उतरल्यावर समोर माझाच फ्लेक्स असेल, आणि त्याच्याखाली बसलेली माणसं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघतील, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं. अण्णा फेटा बांधून किती ताठ बसले होते. गाडी गेली. मी गाठोडं घेऊन परत आले आणि गेट मीच लावलं. तेव्हा मला सरांची पद्धत पुरती कळली. गेटला कुलूप आहेच, पण त्यांचा भरवसा त्याच्यावर नाही, स्टँडवरच्या फ्लेक्सवर आहे.

आता तृप्तीचं. पुष्पाबाईंची तृप्ती, आपल्या गावातून पहिली गेलेली. तिचे फोटो तर तुम्ही सगळे बघता. मागच्याच महिन्यात तिचा बर्फातला नवा फोटो आला आणि पुष्पाबाईंनी पेढे वाटले, असं माय सांगत होती. त्यांना एकदा तो फोटो मोठा करून बघायला सांग. स्वेटर मरून आहे का, आणि वरचं बटण आहे का. इथल्या स्वयंपाकघरात एक तांब्या आहे, त्याच्यावर नाव कोरलंय, 'चि. तृप्ती हिस आईकडून'. त्या तांब्यानं आम्ही आजोबांना पाणी पाजतो. मी इथं आले तेव्हा तृप्ती इथं नव्हती. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, पुढे पाठवली. कुठं पुढे, ते सांगितलं नाही. कडूबाईला विचारलं तर ती कपडे जोरात आपटायला लागली. दुसऱ्या दिवशी आपण होऊन एवढंच म्हणाली की पोरगी रडत गेल्ती, आणि गाडी जालन्याकडं न्हाई, उलट्या बाजूला वळली. तृप्ती कुठं आहे ते मला माहीत नाही. ते कुणाला माहीत आहे, एवढं मला माहीत आहे.

हे पत्र आजच का लिहिलं, ते ऐक. काल सर आले होते. गाडीतून सामान काढायला मला बोलावलं. मागच्या सीटवर फ्लेक्सची गुंडाळी होती, तिचं टोक उलगडलेलं होतं आणि त्यात तुझा चेहरा होता. मामाच्या घरच्या जागरण-गोंधळातला तो आपला दोघींचा फोटो आहे ना, त्यातली मी कापून टाकली आहे. तुझ्या खांद्यावर माझी बोटं मात्र राहिली आहेत. येत्या बाजारच्या दिवशी तो स्टँडवर लागेल. तू हो म्हणायची ते वाट बघणार नाहीत. म्हणून बाजार भरायच्या आत मामाला घेऊन स्टँडवर जा आणि तो बांधू देऊ नकोस. बांधलाच तर सगळ्यांसमोर फाड. गाव चार दिवस नावं ठेवील, ठेवू दे. आणि दुसरं. आज सकाळी मॅडमनी मला बॅग भरायला सांगितली. उद्या तुला पुढे पाठवायचंय, म्हणाल्या. मी विचारलं नाही कुठं. माझे दोन फोटो अजून त्यांच्याकडे शिल्लक आहेत, ते येत राहतील. माय ते बघून खूश होईल, तेव्हा तिच्या हातातला मोबाइल काढून घे आणि हे पत्र तिला वाचून दाखव. कडूबाईची लेक तुमच्या बाजूला दिली आहे, ती हे बाजाराच्या आदल्या दिवशी घरी येऊन तुझ्या हातात देईल. रस्ता तीच दाखवील. अण्णा, मामा, आपली सगळी भावकी, पुष्पाबाईंची माणसं, जमतील तितके मिळून या, पोलिसांना बरोबर घेऊन या. मी इथं नसले तरी परत फिरू नका. गेट उघडायला लावा. आत आणखी मुली आहेत, आणि त्यांच्याही गावात फ्लेक्स लागलेत.

तुझीच,
रेणूताई