राणीला मी रडवली

९ जानेवारी १९७३, मंगळवार

आज मी खोटं वाचलं. पुस्तकात नव्हतं ते वाचलं – आणि तेही नजर पानावर ठेवून, ओळीखाली बोट फिरवत! माझ्या अंगात एवढी हिंमत आहे हे मलाच माहीत नव्हतं.

दुपारी आमच्या ओसरीत कांड्या भरायला बाया बसतात. सासूबाई, समोरच्या सखूबाई आणि शेजारच्या तुळसाबाई. तिघींचे चरखे फिरतात, मागासाठी सूत भरलं जातं आणि मी वाचते. तिघींनाही अक्षरओळख नाही, मी डी.एड. झालेली सून, म्हणून हे काम माझ्याकडे. (कांड्या भरण्यापेक्षा कधीही बरं!) सध्या वाचनालयातली एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी चालू आहे. वाघदऱ्याची राणी सोनकुंवर. नवरा लढाईत मेला, दीर गादीवर डोळा ठेवून. तर काल राणीने दिराला जेवायला बोलावलं आणि खिरीत विष घातलं.

सखूबाई खूश. "बरं केलं! मेला भावजयीच्या राज्यावर टपूनच बसला होता!"

सासूबाई भडकल्या. "अवं, पण वाढलेल्या ताटात? मारायचं होतं तं उपाशी मारायचं! जेवत्या माणसाले मारते का कोणी?"

खुनाबद्दल तक्रार नाही, ताटाबद्दल! तुळसाबाईंनी फक्त एवढंच विचारलं – खीर कशाची होती.

हे कालचं. आज पान उलटलं तर राणी आपला पाच वर्षांचा मुलगा शत्रूकडे ओलीस पाठवते. तेवढ्या सवडीत किल्ल्यात दाणागोटा भरायचा म्हणून. पुस्तकात लिहिलंय – पोर रडत होते, राणी बुरुजाची डागडुजी पाहायला वर गेली. बस. एवढंच.

मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं – "राणी सात दिवस रडली. अन्नाला शिवली नाही."

सासूबाई म्हणाल्या, "सात दिवस? मंग किल्ला कोण पाहून राहिलं होतं?" पण आवाज मऊ होता.

१० जानेवारी

असं का केलं ते लिहून टाकते. इथे कोण ऐकतंय!

माझी नोकरीची ऑर्डर आली आहे. जिल्हा परिषदेची शाळा, काटोल. उमरेडला माहेरच्या पत्त्यावर आली, भाऊ रविंद्र गेल्या आठवड्यात येऊन हळूच हातात देऊन गेला. १ फेब्रुवारीला हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. चार वर्षं वाट पाहिली या कागदाची! रोज जाणं-येणं जमणार नाही. आठवडाभर तिथे राहायचं, शनिवारी घरी. आणि बेबी – चार वर्षांची आहे अजून – मला तिथे धड खोली मिळेपर्यंत तिला सासूबाईंकडे ठेवायचं.

ह्यांना सांगितलं. "मले चालते. आईले विचार." हे लग्नातसुद्धा आईला विचारून बोहल्यावर चढले असतील.

आता ज्या बाईला विचारायचं, तिलाच मी रोज दुपारी पोर सोडणाऱ्या बाईची गोष्ट वाचून दाखवतेय. काय माझं नशीब! ही राणी सासूबाईंना आवडली पाहिजे. ज्या दिवशी आवडेल त्याच दिवशी ऑर्डर काढीन. म्हणून रडवली तिला.

१२ जानेवारी

पुस्तकात राणीने फितूर दिवाणाला कड्यावरून लोटलं. माझ्या राणीने माफ केलं. वर त्याच्या मुलीच्या लग्नाला लुगडं पाठवलं. (लुगडं मला आयत्या वेळी सुचलं.)

सासूबाई म्हणाल्या, "तशी चांगल्या घरची दिसते."

जमतंय!

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकू. सासूबाईंनी सगळ्यांना तिळगूळ वाटला, सखूबाई विधवा म्हणून कोपऱ्यात. त्या शांतपणे उठल्या, ताटातले दोन लाडू स्वतःच उचलले. "मले कोणी देते याची वाट पाहत बसली तं पुढची संक्रांत येईल." सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या, पण मग हळूच माझ्या कानात – "हे तुह्या राणीनं बिघडवलं हिले."

१६ जानेवारी

फजिती! मी माफ केलेला दिवाण पुस्तकात मेलेलाच आहे. आज त्याचा मुलगा बापाचा सूड घ्यायला सैन्य घेऊन आला. बाप जिवंत असताना सूड कशाचा? सगळे चरखे थांबले. शेवटी म्हटलं – "दिवाण तापाने गेला. मुलाचा गैरसमज झाला."

सखूबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

१७ जानेवारी

पुस्तकात राणीने मारलेला किल्लेदारही आज मी तापाने नेला. इलाज नव्हता.

१८ जानेवारी

राणीचा मामा. ताप.

सखूबाई म्हणाल्या, "त्या किल्ल्यात मच्छर भल्ले झाले वं बाई." तुळसाबाई चरख्यावर डुलक्या घेत होत्या. सासूबाईंनी जांभई दिली आणि म्हणाल्या, "पहिले बरी होती ही. आता नुसती माफ करते अन रडते. अशीनं राज्य चालते का?"

घ्या! विष घातलं तर शिव्या, माफ केलं तर जांभया. मी ज्या बाईला इतकं चांगलं केलं, ती कोणालाच नकोय. खरं सांगायचं तर मलाही नकोय. रात्रपाळीचे हे दुपारी घरीच असतात, तर ह्यांना विचारलं, काय करू? घोरत होते.

२० जानेवारी

सगळं बाहेर आलं.

मी इतवारीच्या बाजारात सूत आणायला गेले होते. यायला उशीर झाला, हातगाड्यांच्या गर्दीत रिक्षा हलेना. इकडे बाया जमल्या, पुस्तक कोनाड्यात. ह्यांना झोपेतून उठवून बसवलं – वाच! ह्यांनी बिचाऱ्यांनी कुठलं तरी पान उघडलं. उघडून उघडलं ते नेमकं ओलीस ठेवल्याचं! तिथून कड्यापर्यंत वाचत गेले. सगळं. जसं आहे तसं.

मी गाठोडं घेऊन दारात आले तर तिघी माझ्याकडे पाहतायत. हे पुस्तक हातात घेऊन, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

सखूबाईंचा आवाज चढला. "आमाले दूधपितं लेकरू समजली का वं, अनुसया? माहा नवरा गेला तं मी एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी मागावर बसली, नऊवारी लुगडं पुरं कराचं होतं. लोकं काय नाई बोलले! अन तू म्हणते आमाले राणी झेपणार नाई?"

मला लाज वाटली. अक्षर येत नाही म्हणून बायांना समजही कमी, असं मी धरून चालले होते! मास्तरीण व्हायला निघाले आणि पहिल्याच वर्गाला फसवलं.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पण काहून केलं तू हे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. गाठोडं सोडायला आत गेले.

२१ जानेवारी

आज कोणी आलं नाही. ओसरीत एकच चरखा. सासूबाई आणि मी.

२२ जानेवारी

सखूबाईंच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, चुकलं माझं. पहिल्यापासून वाचते. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही. त्या म्हणाल्या, "नवऱ्याले शेजारी बसव. तो पाहीन पानात." म्हणजे आता माझ्यावर तपासणीस! हे झोप सोडून येऊन बसले, बोलावल्यावर जात नाहीत असं ह्यांचं कधी झालंय?

वाचलं. खीर, ताट, पोर, बुरूज, कडा. काय रंगलं! तुळसाबाई एकदाही झोपल्या नाहीत. दिवाण कड्यावरून गेला तेव्हा त्यांनी "अवं माय!" म्हणून माझा गुडघा धरला आणि लगेच म्हणाल्या, "पाह्यलं का तिनं, खाली पडला का नीट?"

२५ जानेवारी

पुस्तक संपलं. अकरा वर्षांनी राणीचा मुलगा सोडवून आणतात. मिसरूड फुटलेला. ती त्याला गादीवर बसवते. तो बसतो, पण आईच्या पाया पडत नाही. तिच्याकडे पाहतही नाही. तिथेच शेवट.

मग जे भांडण लागलं! तुळसाबाई रडत होत्या – "कशाले ते राज्य? पोरगं तं गेलं न!" सखूबाई – "गेलं कुठं? जिवंत आहे, गादीवर आहे! ती रडत नाई बसली म्हणून तं वाचलं!" दोघींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. भाजीवाला थांबून विचारून गेला काय झालं म्हणून. सासूबाई मात्र कांडी हातात धरून बसल्या होत्या. दोघी थांबल्यावर म्हणाल्या –

"मले नाई आवडत ती. अजिबात नाई. पण ती तशी नसती तं किल्ला पहिल्याच वर्षी गेला असता. अन पोरगाही."

आणि उठता उठता – "सोमवारपासून पुन्हा वाचजो."

उद्या बोलते. उद्याच.

२६ जानेवारी

बोलले.

जेवणं झाल्यावर ऑर्डर काढून समोर ठेवली. सगळं सांगितलं. राणीला का रडवलं तेसुद्धा. सासूबाईंनी कागद हातात घेतला, त्यावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं, परत दिला.

"नाई."

मी म्हटलं, "आई, काल तुम्हीच तं म्हणाल्या – "

"राणीले म्हटलं मी. तुले नाई. राणी पुस्तकात आहे. तिच्या लेकराची वेणी मले घालावी लागत नाई. पुस्तकात तिनं गाव जाळलं तरी मी आयकीन. माह्या घरी मले सून पाहिजे. लोकं काय म्हणतील, बायजाबाईची सून चार वर्षांची पोरगी टाकून गेली?"

हे खाली मान घालून ताटातलं मीठ बोटाने गोळा करत होते.

मला राग आला. इतका राग मला या घरात कधी आला नव्हता. काल त्या राणीची बाजू घेऊन बोलल्या आणि माझी पाळी आली तर वेणी! पण सगळ्यात जास्त राग कशाचा आला ते लिहिते – त्या खोटं बोलत नव्हत्या. वेणी खरंच त्यांनाच घालावी लागेल.

२९ जानेवारी

सोमवार. "पुन्हा वाचजो" म्हणाल्या होत्या. मी वाचलं नाही, डोकं दुखतंय म्हटलं. कोणी आग्रह केला नाही.

३० जानेवारी

बेबीला दिवसभर मांडीवर घेतलं. ती वैतागली. "आई, मले खेळू दे न!"

१ फेब्रुवारी, काटोल

हजर झाले.

सकाळच्या पहिल्या एसटीने. सासूबाई नळावर पाण्याला गेल्या होत्या, परत येईपर्यंत थांबले असते तर निघालेच नसते, हे मला माहीत होतं. म्हणून थांबले नाही. बेबी झोपली होती. उठवलं नाही. ह्यांनी पिशवी स्टँडपर्यंत आणली, सीटवर रुमाल टाकून जागा धरली आणि खाली उभे राहिले. म्हटलं, आईंना काय सांगाल? म्हणाले, "तेच तं ठरवून राहिलो."

इथे चौथीचा वर्ग मिळाला. एका बाईंच्या खोलीत खाट टाकायला जागा मिळाली. हजेरीपुस्तकात सही केली. दुपारी डबा उघडला आणि जेवले. भूक लागली होती, याचंच आश्चर्य वाटलं. पण भीती वाटते. परत गेल्यावर दार उघडतील का, बेबी जवळ येईल का – सारखं तेच डोक्यात.

३ फेब्रुवारी

शनिवार. घरी गेले नाही. धीरच झाला नाही.

४ फेब्रुवारी

हे आले. बेबीला घेऊन! वेणी घट्ट, दोन्ही बाजूंना लाल फिती. आधी ह्यांच्या पायामागे लपली, मग संत्र्याची फोड दिली तर आली आणि मांडीवरून उतरेचना. विचारलं, आई किती रागावल्या? हे म्हणाले, "रागावल्या? आईनं तं त्याच दिवशी साऱ्या गल्लीत सांगितलं – मीच धाडली तिले. ती तं रडून राहिली होती, पाय निघत नव्हता, मीच म्हटलं जा."

मी एकदाही रडले नव्हते.