वॉल्टरच्या एक्कावन्न चुका

पुणे, ३ मे २०२५

चि. परीक्षितास आशीर्वाद. सध्या एवढेच, बाकीचे आशीर्वाद पुस्तक संपल्यावर.

नोकरी सांभाळून तू शनिवार-रविवार लंडनला हॅरोच्या लायब्ररीत शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बेसबॉलवाल्याचं चरित्र लिहितोस, हे वाचून ऊर भरून आला. हा तुझा वॉल्टर प्रिम दुसऱ्या बेसपाशी उभा राहायचा आणि १९११च्या सीझनमध्ये त्याने एकट्याने फिल्डिंगच्या एक्कावन्न चुका केल्या! वा रे नायक!

माझी एकच होती. एकोणऐंशीची क्लब फायनल, शेवटचा बॉल, बोलिंगला तुझे बाबा. माझ्या हातून कॅच सुटला, चौकार गेला, आपण हरलो. तेव्हापासून दादा माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलतो. आता तो तुझ्याकडे राहायला आलाय, तर प्रकाशनाला माझी वाट बघू नकोस. हवापाणी इथे रेडिओवरही लागतं.

जमेल तितकी माया ठेव.
तुझा कमलाकरकाका

हॅरो, १९ मे २०२५

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

टोमणे सुखरूप पोचले, कस्टम्सने एकही अडवला नाही.

काका, बेसबॉलमध्ये बॉल सुटला की लगेच चूक लिहीत नाहीत. एक स्कोअरर बसलेला असतो. चूक फिल्डरची, की बॉलच अवघड होता, हे तो ठरवतो. पुस्तकातलं हे प्रकरण मी बाबांना तपासायला दिलं. काल त्यांनी समासात लाल पेनने लिहिलं, की एकोणऐंशीला त्यांनीच फुलटॉस टाकला होता, बॉल थेट उन्हातून आला, तो कुणालाच झेलता आला नसता. कमळ्याच्या नावावर चूक लिहू नये.

इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं विचारलं. म्हणाले, त्याने तरी कुठे विचारलं? आणि चहा ठेवायला गेले.

रागावलात तरी लिहीत राहा.
आपला परीक्षित

पुणे, ३० मे २०२५

चि. परीक्षितास आशीर्वाद, या खेपेला सढळ हाताने.

शेचाळीस वर्षांनी निकाल लागला म्हणायचा. फार घाई केली दादाने! खरं सांगू? पत्र वाचून रडलो, आणि संतापलोही. त्या दिवसानंतर मी मैदानात पाऊल टाकलं नाही रे.

चौदा जूनचं तिकीट काढलंय. एअरपोर्टवर तू येऊ नकोस, त्याला पाठव. हवापाण्याचा विषय काढायचा नाही, अशी ताकीद दे.

एकोणऐंशीचा तो बॉल मी सोबत आणतोय. बाउंड्रीबाहेरून आणायला मीच गेलो होतो, आणि खिशात घालून तसाच घरी आलो. दादाला म्हणावं, एकदा टाक. या वेळी सुटला, तर खुशाल चूक लिही.

तुझा काका