मी कापलेला पंख

मी, विमानदुरुस्तीत एकेचाळीस वर्षं घालवलेली, वय त्र्याहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या आहेत. शंका असेल त्याने त्यांना विचारावं. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपणाला मी उभ्या जन्मात जुमानलेलं नाही.

कलम १. राहतं घर माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावं. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी तिनेच बसवली आहे. अजून हलत नाही.

कलम २. माझी हत्यारं, विजेरी आणि लांब दांड्याचा आरसा तिलाच. अट एकच: पंखाचं झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय कुठल्याही जुन्या विमानाला चांगलं म्हणायचं नाही, घेणारा सख्खा भाऊ असला तरी.

कलम ३. याला कारण लागतं, म्हणून सांगते. नऊ वर्षांपूर्वी धाकट्याने साठ वर्षं जुनं दोन आसनी विमान पसंत केलं. "ताई, रंग बघ, कालच कारखान्यातून आल्यासारखं!" मी रंग बघत नाही. झाकण काढलं. पंखाचा सगळा भार पेलणारा आडवा दांडा, स्पार, त्यावर पांढरी भुकटी होती, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. पत्रे जोडणारे रिव्हेट फुगून वर आले होते, धातूचे पापुद्रे सुटत होते. "घेऊ नकोस," म्हटलं. त्याने घेतलं. विमान उडण्याजोगं आहे अशी दुसऱ्या कुणाची तरी सही मिळवली. पहिल्या उड्डाणाला लेकीला शेजारी बसवणार म्हणाला.

त्या सकाळी मी फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये गेले, पंखाचा पत्रा फाडला आणि करवतीने स्पारचा तुकडा कापून काढला. तो आला तेव्हा करवत माझ्या हातातच होती.

"ताई, हे तू केलंस?"

"मीच. लपवायचं असतं तर थांबले नसते."

त्याने अबोला धरला. क्लबने मला फाटकाबाहेर काढलं.

तो तुकडा पलंगाखालच्या पेटीत आहे. धाकट्याला द्यावा. त्याने तो कधी हातात घेतला नाही. आता घ्यावा, अंगठ्याने दाबावा. चुरा पडेल.

कलम ४. क्लबच्या अध्यक्षांनी शोकसभेत माझ्याविषयी चार चांगले शब्द बोलू नयेत. बोलू लागले तर भाचीने मधेच उठावं.

कलम ५. धाकट्याची माफी मी मागितली नाही, इथेही मागत नाही. त्याने अबोला सोडावा अशी अटही नाही. रागवायला तो आहे, त्याची लेक आहे, एवढं मला पुरे.

स्थळ: माझी मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा
सही: थोरली बहीण

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.
२. समोरचे शिंपी. शेवटचं कलम जरा मवाळ करा म्हटलं. बाईंनी ऐकलं नाही.